कधी सुरू होते, कधी नाही: एका पेट्रोल हॅचबॅकच्या कामाच्या नोंदी

६ मे

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. चार सिलिंडर, १.२ लिटर, मॅन्युअल गिअर, बीएस-४ (धुराच्या मर्यादेचा मानक). नोंदणी मुंबईची, पण आता मुक्काम रत्नागिरीत, भाट्याच्या बाजूला. मीटर ९४,२०० किमी. तक्रार: कधी कधी सुरू होत नाही. याआधी दुसरीकडे बॅटरी, चारही प्लग आणि एअर फिल्टर नवे घालून झाले आहेत. दुखणे होते तिथेच आहे.

एवढ्या तक्रारीवर पाना हातात घ्यायचा नाही. आधी विचारायचे: चावी फिरवल्यावर सेल्फ (इंजिनाला पहिले फेरे देणारी मोटर) फिरतो का? ‘सेल्फ घेतच नाही’ आणि ‘सेल्फ घेते, पण इंजिन पकडत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांच्या तारा, फ्यूज, सेन्सर सगळे वेगळे. पहिल्यात बॅटरी, केबल, अर्थिंग (इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट), चावीचा स्विच आणि सॉलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा विजेचा चुंबक) बघायचे. दुसऱ्यात पेट्रोल, ठिणगी, इमोबिलायझर (चावीची चिप ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी सोय) आणि क्रँक सेन्सर (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, फिरतो का हे सांगणारा). मालक आणि त्यांचा मुलगा दोघेही गाडी चालवतात. मालक सांगतात, ‘काहीच होत नाही, नुसते टक्.’ मुलगा सांगतो, ‘सेल्फ छान फिरतो, पण सुरूच होत नाही.’ दोघेही बरोबर असू शकतात. दोन बिघाड एकाच गाडीत नांदत असतील ही शक्यता आजच लिहून ठेवली, कारण पहिला सापडला की दुसऱ्याचा शोध थांबतो आणि गाडी पुन्हा दारात येते.

त्यांना विचारलेले बाकीचे प्रश्न आणि उत्तरे: चावी फिरवताना डॅशबोर्डचे दिवे मंद होतात का? नाही. सकाळी थंड गाडीला त्रास होतो का? जवळजवळ कधीच नाही. चढ चढून किंवा लांबून येऊन दहा-वीस मिनिटे थांबले की त्रास होतो का? हो, बहुतेक तेव्हाच. अर्ध्या तासाने? आपोआप सुरू होते. धक्क्याने सुरू होते का? ‘टक्’वाल्या वेळी हो, दुसऱ्या वेळी नाही.

हे शेवटचे उत्तर फार उपयोगाचे आहे. धक्क्याने सुरू होते म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी शाबूत आहेत, दोष सेल्फच्या वाटेवर आहे. धक्क्यानेही होत नाही म्हणजे दोष सेल्फच्या पलीकडे आहे. मात्र तपासणी म्हणून पुन्हा पुन्हा धक्का मारू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि इंजिन पकडल्यावर तिथेच जळते. कन्व्हर्टर खराब झाला तर या सगळ्या दुरुस्तीपेक्षा महाग पडेल.

डॅशबोर्डवर एक कार्ड ठेवायला दिले. गाडी अडली की तिथल्या तिथे लिहायचे: वेळ, गाडी बंद करून किती मिनिटे झाली, आवाज कसा, चेक इंजिनचा आणि चावीच्या चित्राचा दिवा जळतो का, टाकीतल्या पंपाचा आवाज आला का, टाकीत पेट्रोल किती.

७ मे

बॅटरी आणि चार्जिंग. बॅटरी १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-तास, वर्षाच्या आतली. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी बोनेट उघडताच मोजले: १२.५८ व्होल्ट. १२.६च्या आसपास पूर्ण भरलेली, १२.४ला साधारण पाऊण, १२.२ला अर्धी, १२.०ला पाव असे धरायचे. गाडी चालवून आल्या आल्या मोजू नये. तेव्हा वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो.

सेल्फ फिरताना बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर १०.४ व्होल्ट. ९.६च्या खाली गेला असता तर संशय घेतला असता. मीटरची टोके खुंटावर टेकवायची, क्लँपवर नाही. नाहीतर खुंट आणि क्लँप यांच्या मधला दोष मापात येतच नाही. इंजिन सुरू, सगळे बंद: १४.१. हेडलाइट, एसी, ब्लोअर चालू: १३.७. अल्टरनेटर चांगला.

उभ्या गाडीचा करंट: निगेटिव्ह क्लँप काढून मीटर १० अँपिअरच्या खोबणीत, मध्ये जोडून. दाराचे लॅच पेचकसाने बसवून घेतले, म्हणजे दार उघडे असूनही गाडीला ते बंद वाटते. चाळीस मिनिटे थांबल्यावर २८ मिलीअँपिअर. सुरुवातीला आकडा बराच मोठा दिसतो, कारण कंट्रोलर (गाडीतले छोटे संगणक) जागे असतात; तो पाहून घाईने निष्कर्ष काढू नये. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. मीटरचा फ्यूज उडतो, स्वस्त मीटर असेल तर मीटरच जातो.

२८ मिलीअँपिअर ठीक आहे. पण कोकणातल्या माणसांसाठी एक हिशेब: २८ मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला ०.६७ अँपिअर-तास, महिन्याला २० अँपिअर-तास. ३५च्या बॅटरीतली निम्म्याहून जास्त शक्ती नुसती उभी राहून जाते. गणपतीला आणलेली गाडी शिमग्यापर्यंत अंगणात ठेवायची असेल तर निगेटिव्ह काढून ठेवावी. त्यानंतर सुरू झाली नाही तर तो बिघाड नव्हे.

बॅटरी निर्दोष.

८ मे

केबलवरची व्होल्टेजची घट. घट मोजायची ती करंट वाहत असताना, म्हणजे सेल्फ फिरत असताना. इंजिन सुरू होऊन मोजमाप बिघडू नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, मग मोजमाप घेतले. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती.

पॉझिटिव्ह बाजू, बॅटरीच्या खुंटापासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत: ०.२२ व्होल्ट. ०.५पर्यंत चालते.

अर्थ बाजू, बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापासून इंजिन ब्लॉकपर्यंत: ०.६४ व्होल्ट. ०.२ ते ०.३च्या वर नको. वाट दोन तुकड्यांत वाटून पाहिली. खुंटापासून बॉडीच्या बोल्टपर्यंत ०.०७, बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत ०.५७. म्हणजे दोष गिअरबॉक्सवरच्या विणलेल्या अर्थ पट्टीत. बोल्ट सोडला तर थिंबलखाली (पट्टीच्या टोकाची धातूची कडी) हिरवट पूड आणि पट्टीची विणही आतून काळी. समुद्रावरून येणारा खारा वारा आणि पावसाळ्यातली ओल यांनी किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या अर्थ पट्ट्या अशाच जातात, बाहेरून मात्र पट्टी साबूत दिसते.

ही जागा ओहमच्या मापाने कधी सापडत नाही. सेल्फचा करंट क्लँप मीटरवर १३० अँपिअर होता. ०.५७ भागिले १३०, म्हणजे जेमतेम ४.४ मिलीओहम. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ओहम असतो, तिथे हे बुडून जाते. म्हणून ‘मीटर लावला, कंटिन्यूटी आहे’ या वाक्याला सेल्फच्या तपासणीत किंमत नाही.

नवी केबल २५ चौरस मिमी तांब्याची, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली थिंबल. बॉडीवर रंग खरवडून नागडा पत्रा काढला, गिअरबॉक्सवरची बैठक पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळला आणि मग वरून पेट्रोलियम जेली. क्रम उलटा करू नये. जेली आवळण्याआधी भरपूर थापली तर संपर्काच्या जागेत मळ धरून ठेवते. नंतरचे माप: एकूण ०.१६ व्होल्ट.

इथे काम संपले असे म्हणण्याचा मोह होतो, कारण ‘टक्’ आणि खराब अर्थ ही जोडी नेहमीची. पण अर्थ पट्टी थंडीतही तेवढीच खराब होती आणि गाडी थंडीत अडत नव्हती. शिवाय अडण्याचे कारण अर्थच असता तर सेल्फ आधी रेंगाळला असता. इथे तो फिरतो तेव्हा जोमाने फिरतो. गरम झाल्यावरच काय बदलते, ते अजून सापडायचे आहे.

१० मे

गरम चाचणी. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि वर आंबा घाट. एसी चालू, घाटात दुसरा-तिसरा गिअर. घाट निवडला तो चढाबरोबर वर थांबण्यासाठी. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचे थांबते, वाराही थांबतो, पण ब्लॉक आणि सायलेन्सरमधली उष्णता तिथेच असते. पुढची पंधरा-वीस मिनिटे बोनेटखालचे तापमान चढत राहते. सेल्फ आणि सेन्सर यांना सर्वांत जास्त चटका गाडी चालताना बसत नाही, थांबल्यानंतर बसतो.

निघण्याआधी केलेली तयारी: सॉलेनॉइडच्या बारीक वायरीच्या टर्मिनलपासून एक आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक, अशा ०.५ चौरस मिमीच्या दोन वायरी केबिनमध्ये ओढून घेतल्या. प्रत्येकीला उगमापाशी १ अँपिअरचा फ्यूज. फ्यूजशिवाय अशी वायर ओढणे म्हणजे वायर घासली की आगीला निमंत्रण. दोन व्होल्टमीटर, दोन्हींवर किमान आकडा धरून ठेवण्याची सोय. अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हवरून.

वर आंब्याला गाडी बंद, बोनेट बंद, पंधरा मिनिटे. चावी फिरवली. बारीक ‘टक्’ आणि पुढे काही नाही. बॅटरी १२.२ व्होल्ट, सॉलेनॉइडवर ७.३.

जवळजवळ ५ व्होल्ट वाटेतच गायब. लगेच चावी पुन्हा फिरवली, आता ८.९ आणि सेल्फ दणक्यात फिरला. गाडी सुरू.

गिऱ्हाइकाच्या ‘कधी कधी’ला इथे आकडा मिळाला. सॉलेनॉइडला लोखंडी दांडा ओढून जाड संपर्क बसवायला एक किमान व्होल्टेज लागते, लहान सेल्फना गरम असताना साधारण ८च्या आसपास. पोहोचणारे व्होल्टेज ७.३ आणि ८.९च्या मध्ये हेलकावे खात असेल तर गाडी कधी सुरू होणार, कधी नाही. थंडीत हेच सॉलेनॉइड कमी व्होल्टेजवरही ओढते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. ३० अंशांवरून १०० अंशांवर गेले की २७ टक्के. म्हणजे त्याच व्होल्टेजला गुंडाळीतून वाहणारा करंट २१ टक्क्यांनी घटतो आणि ओढ त्याहून जास्त कमी होते. उष्णतेने बिघाड निर्माण केला नाही. वाटेतली घट आधीचीच होती, उष्णतेने उरलीसुरली जागा खाल्ली.

सेल्फ बदलायचा नाही. इतके कमी व्होल्टेज मिळाले तर नवा सेल्फही काही महिन्यांत हेच करेल.

११ मे

५ व्होल्ट कुठे जातात. वाट अशी: बॅटरी, मुख्य फ्यूज, ३० अँपिअरचा इग्निशन फ्यूज, चावीच्या स्विचचे आत येणारे टर्मिनल, स्विचचे सेल्फचे टर्मिनल, डाव्या फेंडरमागचा कनेक्टर, सॉलेनॉइड. स्टिअरिंगखालचे कव्हर काढून, सेल्फच्या चावीवर, अडलेल्या अवस्थेत मोजले:

बॅटरी १२.२
स्विचमध्ये येताना ११.९
स्विचमधून बाहेर ८.६
सॉलेनॉइडवर ७.३

स्विच ३.३ खातो, कनेक्टर १.३. दोन्ही दोषी, स्विच मुख्य. गरम इंजिन नसताना ही अवस्था मिळावी म्हणून चावी सावकाश, थोडी मागेपुढे करून फिरवली. आकडा प्रत्येक वेळी वेगळा आला, हेच जळलेल्या संपर्काचे लक्षण.

सॉलेनॉइडची वायर काढून नुसता मीटर लावला तर तिथे पूर्ण १२.२ दिसतात. करंटच नाही, मग घट कुठून येणार? याच फसव्या आकड्यामुळे स्विच सुटतो आणि सेल्फ बदलला जातो. वायरीवर भार हवा. सेल्फ न फिरवता भार द्यायचा असेल तर सॉलेनॉइडच्या जागी हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडावेत, साधारण ९ अँपिअर होतात. या गाडीत तेवढ्या भारावरही स्विचवर दीड व्होल्टच्या वर घट दिसली. टेस्ट लँपचा चिमुकला बल्ब या कामाचा नाही.

काम: स्विचचा फक्त विजेचा भाग बदलला. हा चावीच्या कुलपामागे दोन स्क्रूंवर बसतो. कुलूप, चाव्या, इमोबिलायझरची रिंग यांना हात लावायची गरज नाही. पूर्ण लॉक सेट विकत घ्यायला लावणाऱ्या सल्ल्याने गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो. जुना स्विच उघडून पाहिला. सेल्फच्या संपर्काचे पितळ काळे, कडेचे प्लॅस्टिक वितळलेले. कनेक्टरच्या दोन्ही पिना हिरव्या होत्या. पुसून वेळ मारून नेण्यापेक्षा पिना आणि मागची इंचभर वायर कापून नव्या दाबून बसवल्या, वर श्रिंक नळी.

वर एक रिलेही (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) घातला. नव्या स्विचनेही आता भागले असते. पण सॉलेनॉइडचा सुरुवातीचा झटका वीस-तीस अँपिअरचा, तो पुन्हा बारीक संपर्कातून नेला की काही वर्षांनी तोच स्विच पुन्हा जळणार. रिले ४० अँपिअरचा, आत प्रतिबंधक रेझिस्टर असलेला. रिलेच्या पिनांचे क्रमांक धरून: जुनी सेल्फची वायर ८६ला, ८५ अर्थला, बॅटरीवरून ३० अँपिअर फ्यूजमधून ४ चौरस मिमीची वायर ३०ला, ८७ वरून तेवढीच वायर सॉलेनॉइडला. स्विचमधून आता जेमतेम १५० मिलीअँपिअर जातात. रिले नामांकित बनावटीचाच घ्यावा. स्वस्त रिलेचे संपर्क चिकटले तर चावी सोडल्यावरही सेल्फ फिरत राहतो आणि बॅटरी सोडेपर्यंत थांबत नाही. तोंड खाली करून, वायपरच्या पाण्याची वाट टाळून फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्या मधला पत्रा) बसवला, फ्यूजवर चिठ्ठी चिकटवली.

सेल्फ फिरताना: बॅटरी १०.५, सॉलेनॉइड १०.२.

१३ मे

मालकांच्या कार्डावर कालची नोंद. ऊन, गाडी बंद करून वीस मिनिटे, ‘सेल्फ जोरात, पकडत नाही, चेक इंजिनचा दिवा नेहमीसारखा, चावीचा दिवा विझला’. पंचवीस मिनिटांनी सुरू. म्हणजे दुसरा बिघाड खरोखर आहे आणि पहिल्याशी त्याचा संबंध नाही.

चावीच्या चित्राचा दिवा विझला म्हणजे इमोबिलायझरने चावी ओळखली. तो लुकलुकत राहिला असता तर शोध तिकडे वळला असता. काही गाड्यांत एकाच जुडग्यात दोन चिपच्या चाव्या असल्या तरी ओळख बिघडते, हे पाहून घेतले. जुडग्यात एकच आहे.

वर्कशॉपमधली मापे: चावी चालू करताच पंप दोन सेकंद वाजतो आणि थांबतो, बरोबर. इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर (रेल) गेज लावून ३.१ बार, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी २.६. पंप, त्यातली पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप आणि इंजेक्टर दाब धरून ठेवतात. रिकाम्या टाकीचा संशय नाही, पाव टाकीच्या वर आहे. गेज लावलेल्या अवस्थेत रस्त्यावर जायचे नाही. गरम सायलेन्सरशेजारी पेट्रोलचा जोड सुटला तर आग. रस्त्यावर फक्त स्कॅनर आणि स्पार्क टेस्टर न्यायचा.

अडली की करायच्या तपासण्यांचा क्रम ठरवून कार्डाच्या मागे लिहिला: पंपाचा दोन सेकंदांचा आवाज, मग सेल्फ फिरत असताना स्कॅनरवरचा आरपीएम, मग ठिणगी, शेवटी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ. शेवटच्या पायरीत बहुतेक इंजेक्शन गाड्यांचे कंट्रोलर पेट्रोल बंद ठेवतात. तेव्हा इंजिनाने पकडले तर प्लग पेट्रोलने भिजत होते असे समजायचे.

स्कॅनर म्हणून मोबाइलला जोडणारा साधा ईएलएम३२७ पुरतो. भारतात बीएस-४ गाड्यांना पूर्ण ओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवून दाखवण्याची सोय) एप्रिल २०१३पासून सक्तीचे झाले, त्यामुळे या गाडीत चालू आकडे मिळतात. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांवर हा स्वस्त जोड बोलत नाही.

१५ मे

पुन्हा घाट, वर थांबा. सेल्फ पहिल्याच चावीला लागला, सॉलेनॉइडवर १०.१. इंजिन मात्र पकडेना. पंपाचा दोन सेकंदांचा आवाज आला. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्य. ठिणगी नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून फरक नाही.

इंजिन डोळ्यांदेखत फिरते आहे आणि कंट्रोलर म्हणतो ते उभे आहे. ही खूण क्रँक सेन्सरची किंवा त्याच्या वायरीची. क्रँकच्या दातांची लय मिळाल्याशिवाय कंट्रोलरला ठिणगी कधी द्यायची कळत नाही, म्हणून तो ठिणगी, इंजेक्टर आणि पुढचा पंप सगळेच रोखतो. त्यामुळे अशा वेळी पंप बंद दिसतो आणि पंप बदलला जातो. पंप निरोगी असतो.

कोड, म्हणजे कंट्रोलरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, काय म्हणतो? त्या क्षणी काहीच नाही. क्रँक सेन्सर गप्प झाला तर इंजिन थांबलेलेच आहे, अशी कंट्रोलरची समजूत होऊ शकते. दुसऱ्यांदा जास्त वेळ सेल्फ फिरवल्यावर, कॅम (वाल्व उघडणारा दांडा) सेन्सरचे ठोके येत असताना क्रँकचे येत नाहीत हे जुळवून, पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड नोंदला गेला. कोड नाही म्हणून सेन्सर चांगला, असे समजू नये.

सेन्सर दोन वायरींचा, चुंबकावर गुंडाळीचा. सकाळी थंड असताना ३१ अंशांवर ८६० ओहम मोजून ठेवला होता. आत्ता कनेक्टर काढून सेन्सरच्याच पिनांवर मोजला: अनंत. गुंडाळी उघडी. वायरिंगचा दोष नाही हे त्यामुळेच पक्के झाले, कारण मोजताना वायरिंग जोडलेलेच नव्हते. तरी कंट्रोलरकडे जाणारी वायर हलवून, वाकवून तपासली, ठीक. ओले फडके पिळून सेन्सरवर ठेवले, काही मिनिटांत १,०५० ओहम दिसले, कनेक्टर लावला, गाडी सुरू. गरम ब्लॉकवर किंवा सायलेन्सरवर पाणी ओतायचे नाही, तडा जातो; फडके फक्त सेन्सरपुरते.

तांब्याच्या हिशेबाने ८६० ओहमची गुंडाळी ९५ अंशांवर साधारण १,०७५ दाखवायला हवी. म्हणजे गरम असताना रोध वाढणे हा दोष नाही. अनंत होणे हा दोष. आतली तार कुठेतरी तुटलेली आहे, थंडीत टोके टेकतात, तापून आवरण फुगले की सुटतात.

हाच सेन्सर गाडी चालताना का दगा देत नाही? वारा लागतो, सेन्सर थंड राहतो. थांबल्यावर ब्लॉकची उष्णता त्याच्यात चढते.

१७ मे

सेन्सर बदलला. काढलेला सेन्सर टेबलावर हीट गनने तापवून, शेजारी तापमापी ठेवून पाहिला: ८५ अंशांच्या पुढे गुंडाळी उघडते, थंड झाला की जुळते. निदानाला हा पुरावा पुरे. जुना भाग गिऱ्हाइकासमोर असा तापवून दाखवला की नव्याचे पैसे का लागले हे सांगावे लागत नाही.

बसवताना: जुन्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा पाहिला, थोडासाच होता, जास्त निघाला असता तर क्रँकच्या दातेरी रिंगचे दात तपासले असते. भोक पुसून घेतले, ओ-रिंगला इंजिन ऑइलचा हात, एम६ बोल्ट ९ न्यूटन-मीटर. हातोडी नाही, सेन्सर हाताने बसत नसेल तर भोकात मळ आहे. दात आणि टोक यांच्यातले अंतर या प्रकारात साधारण अर्धा ते दीड मिमी असते. वायर सायलेन्सरपासून लांब, मूळच्या क्लिपांत. क्लिप तुटली म्हणून वायर मोकळी सोडली तर नवा सेन्सरही वायरीपाशी जळेल. भाग मागवताना कनेक्टर नुसता बसतो का एवढे पाहून भागत नाही. गुंडाळीच्या सेन्सरची दोन टोके उलटी असतील तर सिग्नल उलटा येतो, ठिणगीची वेळ सरकते आणि गाडी सुरू होऊनही ओढत नाही.

सेल्फ फिरताना सेन्सरवर एसी व्होल्ट: ०.९. कोड पुसला.

२० मे

त्याच घाटातून त्याच रीतीने. बाहेर ३४ अंश. थांबा पंधरा मिनिटांचा आणि नंतर पंचवीसचा. दोन्ही वेळा पहिल्या चावीला सुरू. सेल्फ फिरताना सॉलेनॉइड १०.२, आरपीएम २४०, अर्थची घट ०.१६. कोड नाही. केबिनमध्ये ओढलेल्या तात्पुरत्या वायरी काढल्या, टोके मुळापासून. अर्धवट सोडलेली वायर हा पुढचा बिघाड.

९ जून

पाऊस सुरू होऊन काही दिवस झाले. गाडी तपासणीला. कार्ड कोरे. अर्थची घट ०.१७, म्हणजे जेली टिकते आहे. रिलेच्या सॉकेटमध्ये ओल नाही. वायपरपाशी असलेल्या जाळीखाली पानांचा लगदा साचला होता. तिथून पाणी फायरवॉलवर वाहते, म्हणून काढला. पावसाळ्यात हे दर पंधरवड्याला बघायला सांगितले, झाडाखाली उभी राहणाऱ्या गाडीला तर नक्कीच.

सेल्फचा करंट १३८ अँपिअर, मेमध्ये १३० होता. क्लँप मीटरच्या चुकीत बसेल इतकाच फरक, पण ९४,००० किमी झालेल्या सेल्फचे कार्बन ब्रश अजून पाहिलेले नाहीत. दिवाळीच्या सर्व्हिसला पुन्हा मोजायचा; १६०च्या पुढे गेला तर सेल्फ काढून ब्रश, बुश आणि आर्मेचर पाहायचे. त्याआधी नाही.